लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरले तर घर वाचेल का?

"गावची जमीन विकायला काढलीय. लिलावाच्या आधी सगळे पैसे भरले, की घर सुटेल ना?" तळेगावहून सल्ल्यासाठी आलेल्या जोडप्याचा हा पहिला प्रश्न. जवळपास प्रत्येक थकबाकीदार तो विचारतो, आणि याच समजुतीपायी घरं जातात.

कर्ज थकलं की कोर्टात न जाता तारण विकण्याचा अधिकार बँकेला देतो तो सरफेसी कायदा. त्याच्या कलम १३(८) नुसार, २०१६च्या दुरुस्तीनंतर, सगळी बाकी खर्चासह भरून घर सोडवण्याचा हक्क जाहीर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२३मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात हेच सांगितलं. पहिला लिलाव नोटिशीनंतर किमान ३० दिवसांनी होतो. लोक तो महिना आपल्या हातात आहे असं धरून बसतात.

या जोडप्याचं, म्हणजे दादा-ताईंचं, कर्ज २६ लाखांचं, हप्ता २३,४०० रुपयांचा. दादांची कंपनीतली नोकरी गेली आणि सहा हप्ते थकले. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं, तसं ते झालं होतं. कलम १३(२)ची, म्हणजे कर्ज फेडा अशा मागणीची, नोटीस आली तेव्हा दादांनी पोस्टमनला पाकीट परत न्यायला लावलं. पाकीट नाकारलं म्हणून नोटीस टळत नाही. बँकेनं ती दारावर चिकटवली, आणि शेजाऱ्यांच्या आधी ताईंनी वाचली. पैसे भरायला नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस मिळतात. ते दोघं आले तेव्हा ३८ गेले होते.

"कोर्टातून स्टे आणतो" असं एका ओळखीच्या माणसानं सांगून दहा हजार मागितले होते. ते द्यायचे नाहीत, हे आधी ठरवलं. या बाबतीत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. दाद मागायची ती कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, आणि तीही बँकेनं ताब्याची कारवाई केल्यापासून ४५ दिवसांच्या आत. नुसत्या १३(२)च्या नोटिशीवर तिथं जाता येत नाही.

मग कर्जखात्याचा उतारा मागवला आणि नोटिशीतल्या रकमेशी ताडून पाहिला. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३च्या परिपत्रकानं याला मनाई आहे. हे मुद्दे कलम १३(३अ) खाली लेखी हरकत म्हणून दिले. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पुढे डीआरटीत जायची वेळ आलीच, तर ती पोच फार मोलाची ठरते. पण हरकत दिली म्हणून ६० दिवसांचं घड्याळ थांबत नाही.

खरा आधार होता तो थकबाकीचा. नोटिशीत सगळं कर्ज मागितलेलं असतं, म्हणून माणसाचा धीर सुटतो. पण मुद्दल आणि व्याजाची थकबाकी पूर्ण भरली, की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खातं एनपीएतून बाहेर काढता येतं. पूर्ण म्हणजे पूर्ण. दोन हप्ते भरून भागत नाही. सहा हप्त्यांचे १,४०,४०० रुपये, वर वाजवी दंड. ताईंनी सोनं तारण ठेवलं, उरलेले भावानं दिले. गावची जमीन विकायला निदान सहा महिने लागले असते.

दादांना नवी नोकरी मिळाली होती, पण कमी पगाराची. म्हणून मुदत वाढवून हप्ता खाली आणण्याचा अर्ज सोबतच दिला. उत्पन्नच नसतं, तर सल्ला वेगळा असता: बँकेची लेखी संमती घेऊन, लिलावाची नोटीस निघण्याआधी, फ्लॅट स्वतः विकावा. खरेदीदार पैसे थेट कर्जखात्यात भरतो आणि उरलेले मालकाला मिळतात. लिलावात ताब्याची कटकट धरूनच बोली लागते, म्हणून भाव सहसा पडतो. शिवाय विक्रीतून कर्ज फिटलं नाही, तर उरलेली बाकी कर्जदाराच्या मानेवर राहतेच. एकरकमी तडजोड मागता येते, पण ती हक्कानं मिळत नाही.

५२व्या दिवशी पैसे भरले. बँकेनं दिलेल्या पत्रात एवढंच होतं, "रक्कम मिळाली." ताईंना पुन्हा शाखेत पाठवलं. खातं नियमित झालं आणि १३(२)ची नोटीस मागे घेतली, अशी दोन्ही वाक्यं असलेलं पत्र चार दिवसांनी मिळालं. ते फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं.