एक्सटर्म: रिसोर्स फाइलमधला बदल का दिसत नाही?

एक्सटर्म म्हणजे लिनक्ससारख्या प्रणालींवरची कमांड टाइप करायची खिडकी (टर्मिनल). तिचा फॉन्ट ‘एक्सटर्म -एफए मोनोस्पेस -एफएस १२’ असा कमांडमध्ये दिला तर लागतो, पण ‘.एक्सरिसोर्सेस’ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिला तर नाही. बहुतेक वेळा फाइल एक्स सर्व्हरमध्ये (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) भरायचीच राहिलेली असते. ‘एक्सआरडीबी -मर्ज ~/.एक्सरिसोर्सेस’ चालवा आणि नवी खिडकी उघडा; उघडी असलेली बदलणार नाही. फाइलमधून ओळ काढली असेल तर मर्जने ती जात नाही, तिथे ‘-लोड’ हवं.

तरीही जमलं नाही तर वर्गनाव, म्हणजे फाइलमधल्या ओळीच्या सुरुवातीला येणारं प्रोग्रामचं नाव, तपासा. एक्सटर्मच्या इंग्रजी नावातलं एक्स आणि टी दोन्ही मोठ्या लिपीत हवीत. तुम्ही यूएक्सटर्म (एक्सटर्मचंच युनिकोडसाठीचं रूप) उघडत असाल तर त्याचं वर्गनाव वेगळं आहे, त्याच्या ओळी वेगळ्या लिहा. इथेच बरेच जण अडकतात. टिप्पणी उद्गारचिन्हाने सुरू करा, हॅशने नको. ओळीच्या शेवटी ‘ट्रू’सारख्या मूल्यानंतर रिकामी जागा राहिली तर तीही मूल्यात धरली जाते.

कमांडवरचा पर्याय फाइलवर मात करतो, म्हणून आधी ‘-एक्सआरएम’ या पर्यायाने ओळ आजमावा, मग फाइलमध्ये टाका. स्क्रोलसाठी मूळ १०२४ ओळी अपुऱ्या पडतात. ‘-एसएल १००००’ द्या.

मराठी मजकूर मात्र एक्सटर्ममध्ये नीट दिसत नाही: जोडाक्षरं तुटतात. त्यासाठी कॉन्सोल (केडीईचं टर्मिनल) वापरून पाहा.