ओट्सची चॉकलेट बिस्किटे प्रथमच करणाऱ्यांसाठी

ओव्हन नाही म्हणून थांबू नका. जाड बुडाच्या जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) गंजात, म्हणजे पातेल्यात, मिठाचा थर पसरून, वर जाळी ठेवून आणि घट्ट झाकण लावून तो मंद आचेवर १० मिनिटे तापवला, तर साध्या शेगडीवरही बिस्किटे उत्तम भाजली जातात.

दीड वाटी ओट्सपैकी निम्मे जाडसर दळावेत, कारण सगळेच अखंड राहिले तर गोळा एकसंध होत नाही. त्यात अर्धी वाटी कणीक, पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ, अर्धी वाटी तूप, तीन चमचे बिनसाखरेची कोको पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि लागेल तेवढेच दूध घालावे.

खरी काळजी उन्हाळ्यात घ्यावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तूप वितळते आणि बिस्किटे पसरून एकमेकांना चिकटतात. म्हणून गोळा पहाटेच मळून, वीज असेल तर, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. तेवढ्या वेळात ओट्स ओलावाही शोषून घेतात.

कोकोमुळे रंग मुळातच गडद असतो, त्यामुळे रंगावरून अंदाज बांधू नये. बिस्किटे थापून तापलेल्या गंजात जाळीवर भाजायला ठेवल्यावर साधारण २० मिनिटांनी कडा घट्ट व मध्यभाग मऊ लागला, की उतरवावीत. गार होताना ती आपोआप कडक होतात.

ओट्समध्ये विद्राव्य तंतू भरपूर असतात हे खरे, परंतु गूळ हीसुद्धा साखरच आहे, त्यामुळे मुलांना एका वेळी दोनच द्यावीत. पावसाळ्यात नरमली, तर त्याच गंजात पाच मिनिटे पुन्हा तापवावीत.