एनडब्ल्यूबी म्हणजे काय, हे कोणाला विचारू?

तान्हा पोळा झाला त्याच आठवड्यात ती आली, मामासोबत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी समुपदेशनाची खोली आहे. शनिवार-रविवारी तिथं कॉलेजच्या पोरापोरींची वर्दळ असते, कारण त्या दोन दिवसांत ती एसटीनं घरी आलेली असतात. ही मुलगी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी शाळा. घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. घराण्यात दवाखान्याच्या शिक्षणाकडे गेलेली ही पहिलीच.

मामाच आधी बोलला. "पोरगी कॉलेज सोडाचं म्हणते, ताई. दोन वर्षं काढली, आता काहून सोडाचं? तुम्हीच इचारा तिले."

मामाला बाहेर बसवलं. मग तिनं पिशवीतून एक लांबडी वही काढून माझ्यासमोर ठेवली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे शॉर्टफॉर्म, उजवीकडे पूर्ण रूप, अक्षर मोत्यासारखं. ए पासून झेडपर्यंत, दोनशेच्या वर.

"हे सगळं पाठ केलं, ताई. रात्री वही झाकून म्हटलं तर येते. सकाळी वॉर्डात फाइल उघडली की काहीच वळखू येत नाही. बाकीच्या पोरी भराभर लिहितात. माह्यं इंग्रजीच कच्चं आहे. मी या लाइनची नाहीच."

हेच वाक्य मी नर्सिंगच्या मुलींकडून ऐकलं आहे, लॅब टेक्निशियनच्या मुलांकडून ऐकलं आहे. म्हणून हा अनुभव तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिचं नाव, गाव, कॉलेज यातलं काही लिहीत नाही.

पहिल्या भेटीत मी तिला जो उपाय सांगितला तो चुकीचा निघाला, हे आधी सांगायला हवं. मी म्हटलं, कार्डं कर. पुढं शॉर्टफॉर्म, मागं अर्थ, रोज वीस. तिनं इमानेइतबारे केली. दोन आठवड्यांनी आली तेव्हा डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि वॉर्डात परिस्थिती तीच. मग आम्ही दोघी त्या वहीकडे नीट पाहत बसलो. पी अक्षराच्या पानावर पीओपी, पीआरओएम, पीडब्ल्यूबी, पीटी एकाखाली एक. यातलं एक प्लास्टर, एक सांध्याची हालचाल, एक पायावर किती भार द्यायचा ते, एक कधी तिचा स्वतःचाच विषय तर कधी पेशंट. अर्थानं एकमेकांशी काही नातं नसलेली माणसं फक्त आडनावाचं पहिलं अक्षर सारखं म्हणून एका बाकावर बसवली होती. कार्डांनी अक्षरं पक्की केली. फाइलमध्ये मात्र अक्षरं नसतात, पेशंट असतो.

एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. फिजिओथेरपीच्या नोंदी ज्या साच्यात लिहितात, त्याच साच्यात आम्हीही समुपदेशनाच्या नोंदी लिहितो. सोप. अमेरिकेतल्या डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६०च्या दशकात रुग्णनोंदींची जी नवी पद्धत मांडली, त्यातून हा साचा आला. एस म्हणजे पेशंट स्वतःच्या तोंडानं काय सांगतो. ओ म्हणजे आपण तपासून, मोजून काय पाहिलं. ए म्हणजे त्यावरून आपण काय ठरवलं. पी म्हणजे आता काय करायचं. मी तिला म्हटलं, तुझ्या वहीतला प्रत्येक शब्द या चारपैकी कोणत्या घरात राहतो ते सांग. आणि सांगताना इंग्रजी नको. वॉर्डाबाहेर पेशंटची माय बसलेली आहे, तिला सांगतेस तसं सांग.

तिनं एका फाइलवरून उतरवून आणलेली ओळ होती. के/सी/ओ एससीडी, राइट हिप एव्हीएन, एस/पी टीएचआर, पीओडी २, पुढं पीडब्ल्यूबी, मग डोक्यावर आडवी रेघ असलेलं सी, आणि वॉकर. तिनं बराच वेळ घेतला. मग म्हणाली, "याले सिकलसेल आधीपासून आहे. त्याच्यानं उजव्या खुब्याच्या हाडाले रक्त पोचलं नाही, हाड मेलं. खुबा बदलला. आज ऑपरेशनचा दुसरा दिवस. वॉकर धरून चालाचं, पायावर अर्धवटच जोर द्याचा."

मी विचारलं, यातलं काय पाठ करावं लागलं? ती गप्प झाली. सिकलसेल तिला पाठ करायची गरजच नव्हती. आपल्या विदर्भात, त्यातही चंद्रपूर-गडचिरोलीकडे, हा आजार घराघरांत माहीत आहे. तिच्या वर्गातल्या एका मुलीचा भाऊ त्याच दुखण्यानं लंगडतो. के/सी/ओ म्हणजे 'आधीपासून माहीत असलेला रुग्ण', एस/पी म्हणजे 'अमुक झाल्यानंतरचा', पीओडी म्हणजे ऑपरेशननंतरचा कितवा दिवस, हे माणसाच्या गोष्टीत बसलं की आपोआप बसतं. रेघवालं सी म्हणजे लॅटिनमधलं 'कम', आपलं 'सह'. तसंच रेघवालं एस म्हणजे 'सिने', आपलं 'विना'. हे सांगितल्यावर तिचा चेहरा जरा उजळला, कारण सह आणि विना तिला शाळेपासून माहीत होते.

इंग्रजी कच्चं असण्याची तिची भीती मला खरी वाटली नाही, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं. तिचे वडील सातवी शिकलेले. पण डीएपी कधी टाकायचं, सीसीआयची खरेदी कुठं सुरू झाली, बीटीचं कोणतं वाण यंदा चाललं, हे ते रोज बोलतात. एमएसपीवर पारावर तासभर वाद घालतात. या अक्षरांचं पूर्ण इंग्रजी रूप विचारलं तर कदाचित सांगणार नाहीत, पण डीएपीची गोणी म्हणजे काय, तिचं पिकाला काय होतं, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. पाकिटावर मु. पो. ता. जि. लिहिताना तिला कधी अडलं नव्हतं. सातबारा तर नुसते दोन आकडे आहेत, गाव नमुना सात आणि बारा, आणि त्या दोन आकड्यांत अख्खं शेत मावतं. ज्या घरात आखूड शब्द इतके सहज वापरतात, त्या घरातल्या मुलीला ते जमत नाहीत असं होत नाही. जमत नसेल तर मधे काहीतरी अडलेलं असतं.

ते काय अडलं होतं, ते चौथ्या भेटीत कळलं.

त्या दिवशी आम्ही भाराची शिडी करत होतो. तिच्या विषयातला हा मला सगळ्यात आवडलेला भाग. पाय मोडला, प्लेट बसवली, की डॉक्टर ठरवून देतात त्या पायावर किती भार चालेल. एनडब्ल्यूबी म्हणजे नॉन वेट बेअरिंग, अजिबात भार नाही. टीटीडब्ल्यूबी म्हणजे तोल सांभाळायला नुसतं बोट टेकवायचं. पीडब्ल्यूबी म्हणजे ठरवून दिलेला थोडा भार. डब्ल्यूबीएटी म्हणजे सोसवेल तेवढा. एफडब्ल्यूबी म्हणजे पूर्ण. मी घरचा वजनकाटा आणला होता. आपल्या पायावर किती भार पडतो ते पेशंटला कळावं म्हणून फिजिओथेरपीतही काट्यावर पाय ठेवून दाखवतात. तर एक पाय काट्यावर ठेवून, खुर्चीची पाठ धरून, ती एकेक पायरी करून दाखवत होती आणि काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत होती. वरून खाली येता येता एनडब्ल्यूबीवर थांबली. पाय हवेत तसाच. मग खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

जून महिन्यातली गोष्ट. बैलगाडीवरून पडून नडगीचं हाड मोडलेले एक शेतकरी वॉर्डात होते. फाइलवर एनडब्ल्यूबी होतं. तिला वाटलं एन म्हणजे नॉर्मल. तिनं त्यांना वॉकर दिला आणि म्हटलं, काका, दोन्ही पायांवर उभे व्हा. काका म्हणाले, "अवं पोरी, डाक्टरनं तं हा पाय टेकवाचाच नाही म्हणून सांगतलं हाये." ती "हो हो" म्हणाली, त्यांना परत बसवलं आणि बाहेर आली. काही झालं नाही. कोणाला कळलं नाही. पण त्या दिवसापासून फाइल उघडली की अक्षरं नाचायला लागत.

"त्या काकानं ऐकलं असतं तं, ताई?"

मी तिला 'तसं काही झालं नसतं' असं म्हटलं नाही. ताज्या मोडलेल्या हाडावर पूर्ण भार आला तर प्लेट, स्क्रू, जोडणी सगळं बिघडू शकतं. तिची भीती बरोबर जागी होती. चुकीच्या जागी होता तो तिनं काढलेला निष्कर्ष, की मी मूर्ख आहे. मी विचारलं, एन म्हणजे काय हे तेव्हा कोणाला विचारता आलं असतं? ती म्हणाली, सुरुवातीच्या दिवसांत एका सीनियरला एकदा विचारलं होतं, एमएमटी काय असते म्हणून. तो सगळ्यांसमोर म्हणाला, एवढंही येत नाही का, कोणत्या शाळेत होतीस? तेव्हापासून तिनं विचारणं बंद केलं आणि वही मोठी मोठी होत गेली.

इथं मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात, एमएमटीमध्ये तेच करतात. सांगायला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटाऐवजी टोमणा मारला की पुढचा प्रश्न विचारला जात नाही, आणि जो प्रश्न विचारला जात नाही तो पेशंटच्या पायावर जाऊन पडतो. शॉर्टफॉर्मबद्दल शंका येणं हे अडाणीपणाचं लक्षण मुळीच नाही. पीआरओएम फिजिओथेरपीत म्हणजे दुसऱ्यानं हलवून दिलेली सांध्याची हालचाल. तीच अक्षरं बाळंतपणाच्या वॉर्डात म्हणजे कळा सुरू होण्याआधी गर्भजलाची पिशवी फुटणं. पीटी लॅबच्या कागदावर रक्त गोठायला लागणारा वेळ. सीपी कुठं सेरेब्रल पाल्सी, कुठं छातीतलं दुखणं. डी/सी म्हणजे पेशंटला घरी सोडलं, की औषध बंद केलं? एमएस तर एवढं घोटाळ्याचं की अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं, म्हणजे दवाखान्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं, २००४मध्ये वापरू नयेत अशा शॉर्टफॉर्मची यादी काढली, त्यात ते घातलं, कारण त्याचा अर्थ मॉर्फिन सल्फेटही होऊ शकतो आणि मॅग्नेशियम सल्फेटही. अनुभवी डॉक्टर, नर्स जिथं चुकतात म्हणून अशी यादी करावी लागते, तिथं तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं विचारलं तर काय बिघडलं?

तिनं ती गोष्ट तिच्या मॅडमना सांगायची ठरवली. निर्णय तिचाच. मी फक्त काय बोलायचं त्याचा सराव घेतला, दोनदा. मॅडम आधी चिडल्या, चांगल्याच. मग तिला बसवून म्हणाल्या, यापुढं माझ्या वॉर्डात भाराबद्दलचं जे काही लिहायचं ते पूर्ण शब्दांत, नॉन वेट बेअरिंग असं, आणि पेशंटच्या कार्डावर मराठीत, "पाय टेकवायचा नाही". नुसत्या तिलाच नाही, तिच्या अख्ख्या बॅचला सांगितलं.

वही तिनं नव्यानं केली. ए टू झेड गेलं. आता पानं सांध्यांची आहेत, गुडघ्याचं पान, खांद्याचं पान, कमरेचं पान. आरओएम एकदाच लिहिलं आणि त्याच्यासमोर तीन फांद्या काढल्या. ए लागलं तर पेशंट स्वतः हलवतो, पी लागलं तर आपण हलवतो, दोन ए लागले तर तो हलवतो आणि आपण हात लावतो. कमरेच्या पानाचा सराव तिनं घरीच केला. दिवाळीत वेचणी चालू होती, मायची कंबर धरली होती. एस, ओ, ए, पी चारही घरं तिनं मायवर लिहिली. एसमध्ये मायचं वाक्य जसंच्या तसं होतं: "वाकून वाकून कंबर अशी होते जशी कोणी विळा फसवला." मला ते वाचून फार बरं वाटलं. कोणत्याही शॉर्टफॉर्मच्या आधी पेशंटचं बोलणं कानात पडलेलं असणं हीच नोंदीची सुरुवात आहे, आणि ती तिला आधीपासून येत होती.

दिवाळीनंतरच्या व्हायवात दोन शॉर्टफॉर्म चुकले. एक तिनं सरळ सांगितलं, सर, मला हे माहीत नाही. परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला. बस, एवढंच झालं.

कॉलेज सोडायचा विषय मामानं पुन्हा काढला नाही. वेचणी आटोपल्यावर ती एकदा येऊन गेली, वही दाखवायला. शेवटच्या पानांवर तिनं एक नवा तक्ता केला आहे: शॉर्टफॉर्म, अर्थ, कोणत्या वॉर्डात, कोणाला विचारलं. तिसऱ्या रकान्यात ऑर्थो, न्यूरो, आयसीयू. चौथ्यात सिस्टर, मॅडम, इंटर्न दादा, एक-दोनदा तो सीनियरसुद्धा. पहिली ओळ एनडब्ल्यूबीची होती. त्याच्यासमोर, चौथ्या रकान्यात, तिनं लिहिलं होतं: पेशंटकाकांनी सांगितलं.