ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या स्टेशनवर दिवसभर काम काय असतं?

प्रश्न: वर्क अँड हॉलिडे व्हिसावर चाललोय. न्यू साउथ वेल्समधल्या ब्रोकन हिल गावाच्या पलीकडे मेंढ्यांच्या स्टेशनवर, म्हणजे तिथल्या अवाढव्य मेंढीपालन फार्मवर, काम मिळतंय. गावाकडे मेंढरं पाहिलीत, तेवढ्यावर भागेल का?

मेंढराला घाबरणार नाही, एवढाच फायदा. तिथे कळपामागे धनगर फिरत नाही. वीस-तीस चौरस किलोमीटरचे तारेने वेढलेले पॅडॉक असतात आणि मेरिनो मेंढ्या त्यात आपापल्या चरतात. माणसाचं खरं काम पाण्याचं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा. तेव्हा पाण्याची फेरी दिवसाआड, फार तापलं तर रोज.

हिशेब असा. वाळलेल्या गवतावरची मोठी मेंढी दिवसाला 2 ते 6 लिटर पिते, सॉल्टबुश हे खारट झुडूप खात असेल तर 12 पर्यंत जाते. हजार मेंढ्यांना 12,000 लिटर, म्हणजे 22,000 लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही.

मेंढ्यांच्या पाण्याच्या डोणीशी जाण्याआधी लांबूनच मेंढ्या बघा. भर दुपारी डोणीला खेटून ओरडत उभ्या असतील तर पाणी बंद आहे. टाकीच्या पत्र्याला बाहेरून हात लावा: पाणी आहे तिथवर पत्रा गार, वर चटका. मग डोणीतला बॉलकॉक हाताने खाली दाबा. धार जोरात यायला हवी. टाकी भरलेली असून धार बारीक असेल तर व्हॉल्व्हच्या भोकात वाळू किंवा शेवाळ अडकलंय, पाइप फुटलाय, नाहीतर उंचवट्यावर हवा धरलीय. याच क्रमाने तपासा. पहिलं काम पाच मिनिटांचं, शेवटचं अख्ख्या दुपारचं. फूट शोधायला लाइनीवरून बाइक न्या. उजाड मातीत हिरवा ठिपका किंवा एकाच जागी जमलेले गाला काकाकुवे दिसले की गळती तिथेच. हवा धरली असेल तर सगळ्यात उंचावरचा जोड सैल करायचा, सूं करून हवा जाऊ द्यायची, पाणी लागलं की आवळायचा.

डोण बूच काढून घासायचीच. बोअरचं पाणी मुळात खारट, उन्हाने आटलं की मीठ वाढतं. मेलेला पक्षी कुजला तर मेंढ्या त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. आणि तहानलेल्या मेंढ्यांना पाणी सुरू करून दिलंत तर लगेच निघू नका. मागच्यांच्या रेट्याने पुढच्या चेंगरतात.

गाडीत जादा बॉलकॉक, लाइनीच्या मापाचे जोड, वॉशर, करवत, दोन पाइप पाने, पक्कड, तार आणि स्वतःसाठी किमान 10 लिटर पाणी. कुठल्या पॅडॉकला चाललोय आणि कधी परतणार, हे यूएचएफ रेडिओवर सांगूनच निघायचं. गाडी बंद पडली तर तिच्याजवळच थांबा. शोधायला आलेल्या विमानातून गाडी दिसते, चालणारा माणूस नाही. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं. यावरून नवख्यांना जेवढ्या शिव्या बसतात तेवढ्या कशावरूनच नाही.

पावसानंतर ऊब आली की माशी लागते, म्हणजे लोकरीत अंडी घालते आणि अळ्या मेंढीचं कातडं खातात. शेपटी झटकणारी, पाय आपटणारी, मागे वळून स्वतःलाच चावणारी मेंढी पकडायची. अळ्यांच्या जागेभोवती 5 सेंटीमीटर चांगल्या लोकरीपर्यंत, कातडीलगत भादरायचं, मग औषध. कातरलेली लोकर अळ्यांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा. जमिनीवर टाकली तर अळ्या मातीत शिरतात आणि माश्या होऊन परत येतात.

कातरणीच्या दिवसांत सगळं घड्याळावर चालतं: 7:30 ते 9:30, अर्ध्या तासाचा स्मोको म्हणजे चहा, 10 ते 12, जेवण, 1 ते 3, पुन्हा स्मोको, 3:30 ते 5:30. तुमच्या हाती मशीन येणार नाही. तुम्ही राउसअबाउट, म्हणजे लोकर उचलणारे. पोटाची लोकर आधी निघते, ती वेगळी. बाकीची चादरीसारखी एकसंध सुटते. मागच्या पायांकडची टोकं दोन्ही हातांत घट्ट धरून उचला आणि पट्ट्यांच्या टेबलावर पसरून फेका, कातरलेली बाजू खाली. टोकं सुटली तर टेबलावर गोळा पडतो आणि कडेची घाण काढणाऱ्यांचा खोळंबा होतो. मुताने पिवळी झालेली लोकर चांगल्यात मिसळू नका. सुतळी किंवा प्लॅस्टिकचा दोरा तर शेडमध्ये आणूच नका. दाबून बांधलेल्या लोकरीच्या एका गाठीचं वजन 110 ते 204 किलोच्या आत लागतं. मेंढ्या रात्रभर उपाशी ठेवतात, कारण भरल्या पोटाची मेंढी उलथी धरली की तडफडते. ओल्या मेंढ्या कातरत नाहीत, म्हणून पावसाची चिन्हं दिसली की त्या आधीच शेडखाली घ्याव्या लागतात.

पगाराची स्लिप दर वेळी मागून घ्या, दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाला लागते. क्यू फीव्हरची लस मात्र कामावर जाण्याआधीच. मेंढ्यांपासून होणारा हा ताप चिवट आहे. लसीआधी रक्ताची आणि कातडीची चाचणी होते, कातडीचा निकाल सात दिवसांनी बघतात, त्यामुळे शहरात आठवडाभर मुक्काम धरा. हे ब्रोकन हिलमध्ये करणार असाल तर वेळ नीट विचारून घ्या. तिथलं घड्याळ सिडनीपेक्षा अर्धा तास मागे असतं.