किटमध्ये अंश दिसला, अहवालात नाही: तणनाशक तपासणीबाबत सल्ला

प्रश्न: आम्ही वसई-पालघर पट्ट्यातून मुंबईच्या बाजारात पालक आणि मेथी पाठवतो. खरेदीदाराच्या झटपट किटमध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचा अंश दिसला. प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र काहीच आढळले नाही. खरे कोणते मानावे?

उत्तर: शेतकरी बंधू-भगिनींनो, आधी अहवालासोबतची तपासलेल्या घटकांची यादी वाचा. तीत ग्लायफोसेटचे नाव नसेल, तर त्याविषयी तो अहवाल काहीच सांगत नाही.

याचे मूळ अर्क काढण्याच्या रीतीत आहे. बहुतेक प्रयोगशाळा २००३ साली प्रसिद्ध झालेली ‘क्वेचर्स’ पद्धत वापरतात. तीत भाजीचा लगदा अ‍ॅसिटोनायट्राइल व क्षारांसह जोराने हलवतात आणि वरच्या थरातील अर्क यंत्रावर तपासतात. पेंडिमेथॅलिन, ऑक्सिफ्लोरफेन या तणनाशकांसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी (अर्कातील घटक वायुरूपात वेगळे करण्याची रीत), तर अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन यांसाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफी (तेच काम द्रवात करणारी रीत) व टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वस्तुमानावरून घटक ओळखण्याची रीत) चांगली चालते. ग्लायफोसेट मात्र पाण्यात इतके सहज विरघळते की ते त्या अर्कात उतरतच नाही, आणि यंत्र कितीही महागडे असले तरी अर्कात नसलेली गोष्ट त्याला दिसणार नाही. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलने अर्क काढणारी ‘क्युपे’सारखी स्वतंत्र चाचणी लागते, ती मागितल्याशिवाय सहसा होत नाही. २,४-डी या तणनाशकाचीही वेगळी अडचण आहे: ते आम्लधर्मी असल्याने अर्क शुद्ध करण्याच्या काही पावडरी त्यालाच धरून ठेवतात.

किटमधील एलायझा ही रंगबदलाची चाचणी प्रतिपिंडांवर, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनांवर, चालते आणि तिच्या नेहमीच्या प्रकारात रंग जितका फिका, तितका अंश जास्त. ती स्वस्त व जलद आहे, परंतु पालकाच्या गर्द हिरव्या रसातील घटकही रंग बिघडवू शकतात, म्हणून अंश नसतानाही तो असल्याचे दिसू शकते. माझ्या मते किटचा उपयोग नमुने चाळण्यापुरताच करावा. केवळ त्यावरून माल नाकारणे शेतकऱ्यावर अन्याय आहे. अशा वेळी त्याच मालाच्या राखून ठेवलेल्या नमुन्याची टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीने खातरजमा मागा.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी आणि तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत नेमका हाच घटक व पालेभाजी हा प्रकार असावा. अहवालात परिमाण मर्यादा, म्हणजे चाचणी खात्रीने मोजू शकते असे सर्वांत कमी प्रमाणही पाहा. ज्या भाजीसाठी अंशाची वेगळी कायदेशीर मर्यादा ठरलेली नाही, तेथे एफएसएसएआय (देशाचे अन्नसुरक्षा प्राधिकरण) सर्वसाधारणपणे प्रति किलो ०.०१ मिलीग्रॅम ही मर्यादा लावते. चाचणी तेवढ्या खाली पोहोचत नसेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला अर्थ उरत नाही. भारतात ग्लायफोसेटची नोंदणी भाजीपाल्यासाठी नाही, तेव्हा बांधावरची फवारणी वाऱ्याने वाफ्यात आली तरी तिची झळ तुमच्याच मालाला बसते.

नमुना शेताच्या वेगवेगळ्या भागांतून, किमान एक किलो, न धुता घ्यावा. तणनाशक हाताळलेल्या हातांनी तो तोडू नये; स्वच्छ नव्या पिशवीत, बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा आणि मागणीपत्रावर वापरलेल्या प्रत्येक तणनाशकाचे नाव लिहावे.