प्रश्न तुमचे : संदेश एकच, परिणाम दोन

प्रश्न : पेशीला ‘विभाजन कर’ आणि ‘विशिष्ट रूप घे’ असे सांगणारे दोन्ही संदेश आत रास-ईआरके या एकाच मार्गाने (एकमेकांना चेतवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीने) जातात, असे वाचले. मग पेशीला फरक कळतो कसा?

उत्तर : बऱ्याच अंशी, संदेश किती वेळ टिकतो त्यावरून. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतील गाठीपासून मिळवलेल्या पीसी-12 पेशींत हे फार सुंदर दिसते. ईजीएफ हा वृद्धिघटक (पेशीला बाहेरून संदेश देणारे प्रथिन) दिला की ईआरके हे या मार्गातले प्रथिन काही मिनिटांत सक्रिय होते, पण लवकरच मावळते; पेशी विभाजित होतात. एनजीएफ हा दुसरा वृद्धिघटक दिला की तेच ईआरके काही तास सक्रिय राहते; विभाजन थांबते आणि काही दिवसांत चेतापेशींसारखे लांब तंतू फुटतात.

यात फॉस हे प्रथिन वेळ मोजते. ते तयार होईपर्यंत ईआरके मावळले असेल, तर फॉस लगेच नष्ट होते. ईआरके अजून सक्रिय असेल, तर ते फॉसला फॉस्फेट जोडते, फॉस टिकते आणि पुढची जनुके चालू करते.

प्रयोग करणार असाल तर फक्त पाचव्या मिनिटाचा नमुना घेऊ नका. तेव्हा दोन्ही संदेश जवळपास सारखेच दिसतात. 5, 15, 60 आणि 120 मिनिटांना नमुने घ्या. आदल्या रात्रीपासून माध्यमातील (पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातील) सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, कमी करा, कारण त्यातले वृद्धिघटक ईआरके आधीच चेतवून ठेवतात. एनजीएफ मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅम पुरते. पेशी फोडताना फॉस्फेटेजरोधक (फॉस्फेट काढणाऱ्या विकरांना रोखणारी रसायने) विसरलात, तर ईआरके सक्रिय असल्याची खूण असलेले फॉस्फेट निघून जाते आणि वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन-चाचणीत सक्रिय ईआरकेची पट्टी कोरी येते.