ऑस्ट्रेलियातल्या वायनरीच्या उत्सवात जुनी फोर्टिफाइड वाइन चाखावी का? आपल्याला ती कळेल का?

प्रश्न: मी नागपूरचा. जूनमध्ये मुलाकडे मेलबर्नला जातो आहे. त्याने रदरग्लेनजवळच्या एका छोट्या वायनरीच्या उत्सवाची तिकिटं काढली आहेत. तिथे वीस-तीस वर्षं मुरलेल्या फोर्टिफाइड वाइन चाखायला मिळतात, पण त्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. आयुष्यात मी चार-पाच वेळाच वाइन घेतली आहे. मला काही कळेल का, की पैसे वाया जातील? आणि एखादी बाटली आणलीच तर नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल का?

उत्तर: जरूर चाखा. कळेल की नाही ही शंका काढूनच टाका. तुमच्या घरी कधी जुनं, काळं पडलेलं लिंबाचं लोणचं होतं का? उपवासाचं, बिनतेलाचं, मीठ-साखरेत सात-आठ वर्षं मुरलेलं, तोंडाला चव नसली की आजी बोटभर चाटवायची ते? ती चव ज्याच्या जिभेला ठाऊक आहे, त्याला रदरग्लेनची जुनी मस्कॅट, म्हणजे मस्कॅट द्राक्षाची फोर्टिफाइड (वरून स्पिरिट मिसळून कडक केलेली) वाइन, परकी लागत नाही. मी स्वतः तिथे जाऊन ती चाखून आले आहे.

दोन वर्षांपूर्वी मी लेकीकडे गेले होते, तुमच्यासारखीच जूनमध्ये. इथे आपण मृगाची वाट बघत भाजत असतो, तेव्हा तिकडे ऐन हिवाळा. मेलबर्नहून गाडीने तीनेक तासांवर मरे नदीच्या काठचा तो भाग. सकाळी धुकं, द्राक्षाच्या वेली पार निष्पर्ण, सगळे कोट-टोप्या घालून फिरत होते. उत्सव म्हणजे अंगणात दोन-चार शेकोट्या, एक गाणारी मंडळी आणि एका लाकडी फळीमागे उभे राहून वाइन ओतणारे घरचेच लोक. गर्दी बेताची होती. तिथल्या वयस्कर मालकांनी आम्हाला आतलं पत्र्याचं शेड दाखवलं.

हो, पत्र्याचंच. मला वाटलं होतं, जुनी वाइन म्हटली की दगडी तळघर, अंधार, गारवा. इथे आपल्या एमआयडीसीतल्या गोदामासारखं शेड, त्यात काळपट पडलेली लाकडी पिंपं एकावर एक रचलेली. दार उघडताच जो वास आला, तो मी अजून विसरले नाही. बेदाणे, ओलं लाकूड, आणि गुऱ्हाळात कढईला चिकटलेला गूळ करपतो तसा काहीतरी. त्यांनी एका लहान पिंपाचं बूच काढून काचेची लांब नळी आत सोडली आणि माझ्या ग्लासात जेमतेम दोन चमचे ओतले. कोऱ्या काढ्यासारखा रंग. ग्लास तिरका धरला तर काठाशी हिरवट झाक, जुन्या पितळेला येते तशी. काचेवरून ती ओघळेना, एकतारी पाकासारखी चिकटून हळूहळू उतरत होती.

तोंडात आधी मनुका आली, मग वाळवलेली संत्र्याची साल, मग भाजलेली कॉफी. आणि एवढी गोड असूनही शेवटी एक कडसर-आंबट धार अशी आली की गोडाची मिठी बसली नाही. तीच त्या लोणच्याची धार. शेडमधून निघून गाडीपर्यंत आलो तरी चव तोंडातच होती.

हे असं का होतं ते थोडं खोलात जाऊन सांगते, कारण मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आहे आणि मला यातच सगळ्यात जास्त गोडी वाटते. तिथे मस्कॅट जातीची तपकिरी-लाल द्राक्षं वेलीवरच अर्धी सुकू देतात. त्यांचा रस आंबायला लागतो न लागतो तोच त्यात द्राक्षापासूनच काढलेलं तीव्र स्पिरिट मिसळतात. साखर खाऊन रस आंबवणारं यीस्ट मरतं, साखर खायची राहून जाते. म्हणून वाइन गोड राहते आणि अल्कोहोल साधारण १७-१८ टक्के भरतं. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली पोर्टसुद्धा याच तत्त्वावर होते, फक्त तिथे ७७ टक्क्यांचं स्पिरिट घालतात आणि पोर्ट २० टक्क्यांच्या आसपास जाते. (आपल्याकडे गोव्याहून येणारी स्वस्तातली गोड 'पोर्ट वाइन' प्यायली असाल तर ती मनातून बाजूला ठेवा. तिचं या पोर्टशी नावापुरतंच नातं आहे.)

मग ती वर्षानुवर्षं पिंपात राहते. लाकडातून दर वर्षी थोडं उडून जातं, उरलेलं घट्ट होत जातं. उन्हाळ्यात तिथला पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याखाली पिंपं तापतात. साखर, आम्ल, लाकूड आणि हवा यांची उष्णतेत हळूहळू खिचडी शिजत राहते. आपण गुलकंदाची बरणी गच्चीवर उन्हात ठेवतो, ते कशासाठी? तेच इथे वीस-तीस उन्हाळे चालतं. अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची वाइन तर उष्णतेनेच घडली. जुन्या काळी तिची पिंपं जहाजातून विषुववृत्त ओलांडून पार हिंदुस्थानपर्यंत यायची, आणि परत गेलेली वाइन जास्त चांगली लागते असं लोकांच्या लक्षात आलं. आज तिथे ती मुद्दाम तापवतात. काही वाइन टाक्यांमध्ये ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने ठेवतात, आणि उत्तम प्रतीची माळ्यावरच्या उबेत वर्षानुवर्षं मुरवतात. ४५ अंश म्हणजे काय हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी मी इथे परतल्यावर वाचली. जुन्या मदेरा आणि टॉनी (पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेल्या) पोर्टच्या वासात सोटोलॉन नावाचं एक संयुग असतं. मेथीदाण्याचा तो विशिष्ट वास त्याचाच, आणि उसाच्या कच्च्या साखरेतही ते सापडतं. मेथी आणि काकवी! आपल्या नाकाला हे वास पाळण्यापासून माहीत आहेत. म्हणून म्हणते, कळेल की नाही ही भीती नको.

आता प्रत्यक्ष तिथे गेल्यावर. रदरग्लेनच्या मस्कॅटच्या चार पायऱ्या आहेत: साधी रदरग्लेन, मग क्लासिक, मग ग्रँड, मग रेअर. रेअर म्हणजे सरासरी वीस वर्षं किंवा त्याहून जुनी, आणि लिटरमागे पाव किलोहून जास्त साखर. 'सरासरी' हा शब्द महत्त्वाचा आहे. बाटलीत एकाच वर्षाची वाइन नसते. ताज्या वाइनचा टवटवीतपणा हवा म्हणून ती असते आणि अगदी जुन्या पिंपातली थोडीशीच पडते, पण त्या थोडक्याने सगळ्याची चव बदलते. आम्ही चाखली त्या पिंपातलं असंच दर वेळी थोडंसं काढून मिश्रणात घालतात, ते स्वतंत्र विकत नाहीत, असं मालकांनी सांगितलं. आजोबांच्या हातची वाइन त्यात अजून आहे, हे सांगताना त्यांचा हात पिंपावर होता.

तुम्ही नुसती रेअर मागू नका. पैसे वाया जाण्याची शक्यता असली तर तिथेच. आधी साधी रदरग्लेन घ्या, मग लगेच रेअर, दोन्ही ग्लास शेजारी ठेवून. पहिलीत गुलाब आणि ताजी द्राक्षं, दुसरीत काळा बेदाणा आणि कॉफी. काळाने काय केलं ते एका मिनिटात जिभेवर कळतं, आणि त्याचेच तर पैसे द्यायचे. घोट अगदी लहान घ्या, गिळण्याआधी तोंडात फिरवा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका, सगळेच वापरतात. मुलगा गाडी चालवणार असेल तर त्याने वापरायलाच हवं, कारण तिथे गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि १८ टक्क्यांचे चार घोट चटकन भरतात. सकाळी पोटभर खाऊन निघा. पाच-सहा चवींनंतर जीभ थकते, तेव्हा थांबा. मी सातवी घेतली आणि ती कशी होती ते मला आठवत नाही.

टोपाक नावाची दिसली तर तीही घ्या. मस्काडेल द्राक्षाची, पूर्वी तिला तिकडे टोके म्हणायचे. तिला गार झालेल्या चहाचा आणि टॉफीचा वास असतो. मला मस्कॅट जास्त आवडली, जावयांना टोपाक.

बाटलीचं म्हणाल तर रेअर तिथेच चाखा आणि घरी ग्रँड किंवा क्लासिक आणा. किमती पायरीगणिक भराभर चढतात, आणि घरी चार जणांत वाटायला ग्रँड पुरेशी सुंदर आहे. येताना ती चेक-इनच्या सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवा. मोठ्या माणसामागे दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते. मात्र पुढे कोणाला भेट म्हणून वर्ध्याला किंवा गडचिरोलीला नेऊ नका, तिथे दारूबंदी आहे.

उन्हाळ्यात टिकेल का? साध्या लाल वाइनपेक्षा खूपच चांगली टिकेल, कारण तिने जे सोसायचं ते पिंपात सोसून झालेलं असतं. पण म्हणून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवू नका. ताप एकसारखा वर-खाली झाला की बूच सैल होतं आणि बाटली पाझरते. न उघडलेली बाटली घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कपाटाच्या तळाशी. उघडली की फ्रिजमध्ये, दोनेक महिने छान राहते. हा नियम व्हिंटेज पोर्टला (एकाच वर्षाची, पिंपाऐवजी मुख्यतः बाटलीत मुरलेली) मात्र लावू नका, ती उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावी लागते.

आम्ही आमची ग्रँड दसऱ्याला संध्याकाळी उघडली, लक्ष्मीनगरच्या घरी. दीर आले होते. त्यांना व्हिस्कीची सवय, त्यांनी आधी बर्फ मागितला. मी म्हटलं, "भाऊजी, आधी नुसती घ्या, मग काय हवं ते घाला." देवापुढची पंचपात्रं असतात तेवढ्या लहान ग्लासांत ओतली, सोबत खारे बदाम आणि संत्रा बर्फी ठेवली. बर्फी वाइनपेक्षा कमी गोड लागली, म्हणून ती जोडी जमली. भाऊजींनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलून वास घेतला.

"वहिनी, हे त आईच्या काळ्या लोणच्यासारखं लागून राहिलं," ते म्हणाले. "मोठ्या बरणीतल्या."

सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. ती बरणी माझ्याकडेच आहे, तळाशी दोन-तीन फोडी आणि डांबरासारखा खार. मी उठून ती काढली, आणि आम्ही दोघांनी एकेक फोड चाखून वर पुन्हा घोट घेतला. बर्फ कोणी मागितला नाही.